बालकांचा मध्यकर्णदाह आणि प्रतिजैविके : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात मध्यकर्णातील पू कानामागील हाडात, प्रसंगी मेंदूपर्यंत पसरून बालके दगावत असत. १८७३ मध्ये जर्मनीतील हॅले येथील हेरमान श्वार्ट्झे यांनी ते हाड कोरून पू काढण्याची शस्त्रक्रिया पद्धतशीरपणे मांडली. १९३५ नंतर सल्फा औषधे व १९४० च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध होताच या शस्त्रक्रियेची गरज झपाट्याने घटली. पिंपरी येथेही १९५५ पासून पेनिसिलिनचे उत्पादन होऊ लागले.

या यशातूनच 'कान दुखला की प्रतिजैविक' हा प्रघात पडला आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू बळावले. १९८१ मधील डच अभ्यासाने बहुसंख्य मुले प्रतिजैविकाविनाही बरी होतात, असे दाखविले. १९९० मध्ये नेदरलँड्समध्ये, तर २००४ मध्ये अमेरिकेत निवडक मुलांबाबत वेदनाशामक देऊन प्रतीक्षा करण्यास मार्गदर्शिकांनी मान्यता दिली. मात्र २०११ मधील अमेरिका व फिनलंड येथील चाचण्यांत, काटेकोर निदान झालेल्या लहान बालकांना प्रतिजैविकांचा लाभ होतो, असे आढळले. त्याबरोबर जुलाबांचे प्रमाणही वाढले.

सारांश, औषध द्यावे की थांबावे, हा निर्णय बालकाचे वय, आजाराची तीव्रता व अचूक निदान यांवरच अवलंबून असतो. सरसकट वापर आणि सरसकट नकार हे दोन्ही बालकाच्या जिवाशी खेळ ठरू शकतात, हाच या इतिहासाचा बोध होय.