समुद्र नसलेले बंदर : तगरचा हिशेब कसा मांडायचा?



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "सर, धाराशिव जिल्ह्यात बंदर कुठून आणलं?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे प्यायच्या पाण्याची ओरड, तिथे बंदर कसले? पण सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात एक बंदर होते. तिथे गलबते लागत नव्हती, बैलगाड्या लागत होत्या. तगर हे त्याचे नाव. आज आपण त्याला तेर म्हणतो आणि गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखतो.

आज देशभर "ड्राय पोर्ट" हा शब्द ऐकू येतो. समुद्रापासून दूर माल गोळा करायचा, जकातीचे सोपस्कार तिथेच उरकायचे, पेटी सीलबंद करायची आणि थेट बंदरावर पाठवायची, अशी ती व्यवस्था. शेजारच्या जालन्यात 2015 साली अशा एका बंदराची पायाभरणी झाली. अशी कामे निघाली की आकडे सांगितले जातात: इतक्या पेट्या जातील, इतक्या हजारांना रोजगार मिळेल. आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. आकड्यांशी आमचे भांडण नाही, पण आकडा कशाचा, हे विचारण्याची खोड जात नाही. अंतर्देशीय बंदराने प्रदेशाचे भले झाले, हे मोजायचे कसे? तगरच्या निमित्ताने हाच प्रश्न आज आपण सोडवून पाहू.

आधी पुरावा पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, ग्रीक भाषा बोलणाऱ्या, इजिप्तकडून हिंदी महासागरात ये-जा करणाऱ्या एका व्यापाऱ्याने एक वाटाड्या ग्रंथ लिहिला: "पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी". लेखकाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याने भडोचची, म्हणजे बॅरिगाझाची, सविस्तर माहिती दिली आहे. तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर, असे तो सांगतो. पैठणहून रंगीत दगड येतात. तगरहून साधे कापड पुष्कळ येते, मलमलीचे प्रकार येतात, आणि शिवाय किनारपट्टीकडून तगरला पोहोचलेला इतर मालही येतो. हे सगळे गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला उतरते.

हे तगर नेमके कुठले, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कुणी देवगिरीकडे बोट दाखवले, कुणी जुन्नरकडे. रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवले होते. 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी तेरची बाजू मांडली आणि पुढे हेन्री कझेन्स यांनी तिथले अवशेष नोंदवले. हे आता सर्वमान्य आहे.

आता आपणच थोडे गणित करू. नकाशावर पट्टी ठेवा. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर भरतात, पैठण ते तेर दीडशेच्या आसपास. पहिल्या टप्प्याला वीस दिवस, दुसऱ्याला दहा. म्हणजे दिवसाला सरळ रेषेत पंधरा ते सतरा किलोमीटर. वाटेची वळणे धरली तर वीसेक. लादलेल्या बैलगाडीची हीच चाल. तेर पैठणच्या पूर्वेला नसून आग्नेयेला आहे, दिशेत त्या व्यापाऱ्याची थोडी चूक झाली. पण दिवसांचा हिशेब बरोबर आहे! हा माणूस ऐकीव गप्पा लिहीत नव्हता, गाडीवानांशी बोललेल्या लोकांकडून माहिती घेत होता.

आणखी एक गोष्ट बघा. तेरपासून भडोच सरळ रेषेत पाचशे किलोमीटर, आणि पूर्वेला कृष्णेच्या मुखाजवळचा मच्छलीपट्टणचा किनाराही पाचशे-सहाशेच्या घरात. तगर जवळजवळ मध्यावर बसले होते. किनाऱ्याकडून आलेल्या मालाचा ग्रंथातला उल्लेख बहुतेक अभ्यासक पूर्व किनाऱ्याशी जोडतात. जमिनीनेही त्याला दुजोरा दिला आहे. पूर्व किनाऱ्यावर विपुल मिळणारी चक्रांकित नक्षीची भांडी तेरच्या उत्खननातही निघाली, आणि तिथल्या स्तूपाच्या अवशेषांचे आंध्रातल्या स्तूपांशी नाते आहे. तेव्हा तगर हे एका रस्त्याचे शेवटचे टोक नव्हते. माल उतरायचा, निवडायचा, पुन्हा लादायचा, असे ते ठिकाण होते. बंदर याहून वेगळे काय असते?

मग इथला माल कल्याणला का जात नव्हता? कल्याण तेरपासून सरळ रेषेत सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, भडोचपेक्षा कितीतरी जवळ. उत्तर त्याच ग्रंथात आहे. कल्याण पूर्वी खुले बंदर होते. नंतर सत्ता बदलली आणि तिथे व्यापाराला अडथळे आले. चुकून तिकडे गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. क्षहरात नहपान आणि सातवाहन यांच्या झगड्याचा तो काळ.

या अडथळ्याची किंमत किती? त्याच चालीने कल्याणची वाट वीस दिवसांची, भडोचची तीस दिवसांची. जाऊन-येऊन चाळीस विरुद्ध साठ. पावसाळ्याचे चार महिने वजा करा. उरलेल्या आठ महिन्यांत एका गाडीच्या कल्याणला सहा खेपा होतील, भडोचला चारच. घाट, मुक्काम, चढ-उतार आम्ही धरलेले नाहीत, त्यामुळे हा ढोबळ हिशेब आहे. पण मुद्दा ध्यानात येतो: गाडी तीच, बैल तेच, माल तोच, आणि दूर कुठेतरी दोन राजांचे बिनसले म्हणून तगरच्या गाडीवानाची तिसरा हिस्सा कमाई गेली.

हे आपण आत्ता केले ना, त्याला अर्थशास्त्रात मोठे नाव आहे. "ते नसते तर काय झाले असते?" असा तो प्रश्न. रॉबर्ट फोगेल यांनी 1964 साली अमेरिकेतल्या रेल्वेबद्दल तो विचारला. रेल्वे नसती तर कालवे आणि गाड्यांनी तोच माल वाहायला किती जादा खर्च आला असता? त्यांचे उत्तर आले राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आत. रेल्वेने अमेरिका घडवली असे मानणाऱ्यांना हे झोंबले. पुढे डेव्ह डोनाल्डसन यांनी ब्रिटिशकालीन हिंदुस्थानाचा अभ्यास केला. त्यांची युक्ती आम्हाला फार आवडते: त्यांनी मीठ पकडले. मीठ ठराविक ठिकाणीच पिकते. मग आगरावरचा भाव आणि दूरच्या गावातला भाव यांतला फरक म्हणजे वाहतुकीचा खर्च. रेल्वे आली तसा हा फरक आटला, आणि रेल्वे पोहोचलेल्या जिल्ह्यांचे शेतीचे खरे उत्पन्न सुमारे 16 टक्क्यांनी वाढले, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

पण मंडळी, इथे आम्ही थोडे थांबतो. जिल्ह्याचे उत्पन्न वाढले म्हणजे कुणाचे वाढले?

आमच्या लहानपणी वडील माल घेऊन मोंढ्यात जात. रात्री परतले की शेजारी विचारत, "काय भाव लागला?" वडील खिशातून आडत्याची पट्टी काढत. भाव वर लिहिलेला असे. खाली हमाली, तोलाई, आडत, उचल वजा केलेली असे. ते शेवटच्या ओळीवर बोट ठेवत आणि म्हणत, "भाव वरचा. आपला हा, खालचा." आम्ही पुढे ज्ञानमीमांसेवरचे जाडजूड ग्रंथ वाचले, पण मोजमापाबद्दल याहून नेमके वाक्य क्वचितच भेटले.

त्या पट्टीच्या नजरेने तगरकडे पाहा. रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. हा झाला वरचा भाव. खालची ओळ कुठे आहे? तगरच्या विणकराला गजामागे काय मिळाले, याची नोंद पेरिप्लसमध्ये नाही, आपल्याकडेही नाही. तगरचा जमाखर्च लिहिला तो बाहेरच्याने, आणि तोही भडोचच्या धक्क्यावर उभे राहून. तिथून जेवढे दिसते तेवढेच त्यात आले: किती गाड्या, कसला माल.

मग खालची ओळ शोधायची कुठे? आमचे उत्तर असे, की गावात जे मागे उरले त्यात. तेरला जा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर पांढरीच्या मातीतून हजारो वस्तू वेचल्या. त्यांच्या नावाचे संग्रहालय तिथे आहे. दुहेरी साच्यातल्या, पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती आहेत. समुद्र एवढा दूर, तरी शंखाच्या वस्तू आहेत. रोमन नाण्यांची नक्कल करणारी, गळ्यात घालायची मातीची पदके आहेत. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्या जातकुळीतली मूर्ती 1938 साली इटलीत, इसवी सन 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशीच एक मिळाली.

आता मातीचे पदक आणि सोन्याचे नाणे यांतला फरक लक्षात घ्या. सोने कुणाकडे गेले ते गेले. पण नाण्याची नक्कल मातीत करून गळ्यात घालणारा माणूस बहुधा श्रीमंत नव्हता. व्यापाराची ऐट त्याच्यापर्यंत पोहोचली. किती पैसा पोहोचला, हा प्रश्न ते पदक उघडा ठेवते. मूर्ती आणि शंखकाम मात्र सांगतात की गावात हातांना काम होते. माल नुसता गावावरून गेला नाही.

नावही उरले. व्यापार ओसरल्यावर कित्येक शतकांनी कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला "तगरपुरवराधीश्वर" म्हणवून घेत होते. राज्य किनाऱ्यावर किंवा पंचगंगेकाठी, आणि अभिमान तेरणेकाठच्या गावाचा!

उलट उदाहरणही आपल्याच भागातले आहे. 1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी गाडी. बार्शी इंग्रजी मुलखात, आपण निजामाच्या राज्यात, मध्ये करोडगिरीचे नाके. 1911 पर्यंत गाडी येडशी, ढोकीवरून लातूरला पोहोचली. लातूरचा मोंढा वाढत गेला. ज्या तेरमध्ये एके काळी दोन किनाऱ्यांचा माल एकत्र येत असे, त्याच्या जवळून डबे पुढे निघून गेले. लातूर मोठे झाले याचा आनंदच आहे. पण "रेल्वेने मराठवाड्याचा फायदा झाला" या एका वाक्यात लातूरचा लाभ आणि तेरचे वगळले जाणे एकाच बेरजेत बुडते. शिवाय कुर्डूवाडीला लहान गाडीतून मोठ्या गाडीत माल पुन्हा भरावा लागे. ती हमाली शेवटी कुणाच्या पट्टीत वजा होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

आता आजच्याकडे येऊ. 2018 साली आपला जिल्हा देशातल्या आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आला. इथला पोरगा पुण्या-मुंबईला जातो, सोयाबीन पोत्यातून बाहेर जाते. उद्या एखादे कोरडे बंदर आपल्या दाराशी आले तर आम्ही त्याचे स्वागतच करू. दहा दिवसांची वाट वाचण्याचे मोल आपण आत्ताच मोजले आहे. पण त्याचा हिशेब मागताना तीन गोष्टी विचारायला विसरू नका.

पहिली: ते नसते तर हा माल कसा आणि किती खर्चात गेला असता? जो माल आधीही जातच होता, तो नव्या फाटकातून मोजून "वाढ" म्हणून दाखवता येत नाही.

दुसरी: वाचलेला पैसा कुणाच्या खिशात थांबला? वाहतूकदाराच्या, निर्यातदाराच्या, की शिवारातल्या भावात उतरला? डोनाल्डसन यांनी मिठाचा भाव तपासला, तसा आपण गावातल्या आणि बंदरावरच्या सोयाबीनच्या भावातला फरक वर्षानुवर्षे तपासावा. त्याला मोठी यंत्रणा लागत नाही. मोंढ्यातल्या पट्ट्या जपून ठेवल्या तरी पुरे.

तिसरी: इथे कोणते काम उभे राहिले? पेटी इथे नुसती सीलबंद होते, की इथल्या हातांनी केलेले काही त्या पेटीत असते? तगरच्या गाडीत तगरचे कापड होते.

गोरोबाकाका कुंभार होते. नामदेवांसह जमलेल्या संतांची डोकी थापटून कच्चे मडके कोणते, हे त्यांनी ओळखले, अशी कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. भाजलेले आणि कच्चे यांतला फरक बाहेरच्या रंगावरून कळत नाही, थापी मारून आवाज ऐकावा लागतो. पुढच्या वेळी कुणी विकासाचा आकडा आपल्या हातात ठेवला, तर त्याच्यावर एकदा थापी मारून बघा, एवढेच आमचे सांगणे.