मंजुघोषा
नारो सदाशिव रिसबूड यांची अद्भुतरम्य प्रेमकादंबरी (१८६८). बाणभट्टाची ‘कादंबरी’ आणि अरबी सुरस गोष्टी यांतला राजकन्येच्या प्रेमाचा जुना, चमत्कारांनी भरलेला साचा तिने मराठी गद्यात नव्याने उभा केला. कथेपेक्षाही मोलाची आहे ती प्रस्तावना. आपली विवाहपद्धती पाहता हिंदूंच्या रोजच्या आयुष्यात मनोरंजक काही सापडत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते, असे रिसबूड तिथे मोकळेपणी सांगतात. बालविवाहाच्या त्या काळात तरुण-तरुणींनी परस्परांना निवडायचे तर कल्पित राज्यच हवे होते. निव्वळ पलायन म्हणून या कादंबरीची बोळवण करणे अन्यायाचे आहे. रिसबुडांची दुसरी कादंबरी ‘विश्वासराव’. पुढे ‘मधली स्थिती’पासून (१८८५) हरिभाऊ आपट्यांनी मराठी कादंबरी समकालीन घरसंसारात आणली.