कर्णधार एक, आवाज दुसऱ्याचा

आइस हॉकीत जर्सीवरील ‘सी’ कर्णधाराचा, ‘ए’ पर्यायी कर्णधाराचा. निर्णयाबाबत पंचांशी बोलण्याचा अधिकार या अक्षरांच्या धारकांनाच.

१९४७-४८ च्या हंगामात मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा कर्णधार, गोलरक्षक बिल डर्नन दाद मागण्यासाठी गोल सोडून पुढे येई. त्यामुळे त्याच्या संघाला आयती विश्रांती मिळते, अशी प्रतिस्पर्ध्यांची तक्रार होती. नॅशनल हॉकी लीगने मग गोलरक्षकांना हा अधिकार नाकारला.

तरीही २००८ मध्ये व्हँकुव्हर कॅनक्सने गोलरक्षक रॉबर्टो लुआँगोला कर्णधार नेमले. जर्सीवर निषिद्ध असलेला ‘सी’ आरंभी त्याच्या मास्कवर रंगवलेला दिसे. पंचांशी बोलण्याचे काम मात्र पर्यायी कर्णधार विली मिचेलकडे सोपवावे लागले. २०१० मध्ये लुआँगोने पद सोडले.

दुय्यम भासणारा ‘ए’ कोणाला द्यावा, या प्रश्नात संघाचा आवाज कोणाचा, हा प्रश्न दडलेला होता.