संजीवनी, गामिनी, अमर : खेळातले मरण आणि राजगडाची शिकवण

१/
संगणकावरील काही खेळांत एक निष्ठुर नियम असतो : आपले पात्र मेले की ते कायमचे मेले. जुना जतन केलेला डाव उघडून त्याला पुन्हा उठवता येत नाही. कित्येक रात्रींची मेहनत एका चुकीच्या पावलाने संपते. असा डाव गमावलेल्याने पुढे काय करावे? प्रश्न पोरकट वाटतो. पण त्याचा माग काढत गेल्यास वाट राजगडाच्या पाली दरवाजाशी येऊन पोहोचते. आजचा धागा त्या वाटेचा.

२/
आधी या खेळांचा वंश पाहू. १९८० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ रचला. पुढे केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाला. मराठी कानाला आजारासारखे वाटणारे हे नाव 'भामटा' या अर्थाचे. चित्रे नव्हतीच, अक्षरे आणि चिन्हे जोडून काढलेले भुयार, त्यातील राक्षस, आणि तळाशी दडलेला एक ताईत. प्रत्येक डावात भुयाराची रचना नवी. डाव मध्येच जतन करता येई. पण तो उघडताच जतन केलेली प्रत पुसली जाई. त्यामुळे मेल्यावर परतायला मागे काही उरत नसे. उरे ते पडद्यावरचे थडगे : त्यावर नाव, जमवलेले सोने आणि मृत्यूचे कारण.

३/
या घराण्यातील पुढचा मोठा खेळ म्हणजे १९८७ चा 'नेटहॅक'. त्यात एक विलक्षण सोय आहे. आपले पात्र जेथे मेले, तो मजला कधी कधी तसाच जपून ठेवला जातो आणि पुढच्या एखाद्या डावात आपलेच नवे पात्र तेथे येऊन पोहोचते. समोर आपल्याच पूर्वजाचे भूत आणि त्याची शस्त्रे, त्याची शिदोरी. खेळाडू या मजल्यांना 'हाडे' म्हणतात. मेलेला उठत नाही. पण त्याचे हत्यार पुढच्याच्या हाती लागू शकते. हे सूत्र लक्षात ठेवा, ते पुन्हा लागेल.

४/
आता घरच्या अंगणात येऊ. खेळात 'मरणे' मराठी मुलांना कोणी परदेशातून शिकवले नाही. सोंगट्यांच्या पटावर सोंगटी 'मारली' जाते. पण ती घरी परतते आणि पुन्हा निघते. सापशिडीत साप गिळतो; पण सोंगटी त्याच्या शेपटीशी जिवंतच असते, केवळ खाली घसरलेली. हुतूतूत मात्र गडी 'मरतो' आणि 'जिवंत' होतो, असे शब्द मैदानावर सर्रास वापरले जात. आणि कायमच्या मरणाचा प्रश्न आपल्याकडे याच खेळाने सर्वांत स्पष्टपणे मांडला होता.

५/
जुन्या हुतूतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे, तीन प्रकार प्रचलित होते. 'संजीवनी' : आपण प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला मेलेला गडी उठतो. 'गामिनी' : मेलेला गडी बाहेरच बसतो, संघातील शेवटचा गडी पडेपर्यंत. 'अमर' : गडी बाद झाला तरी मैदान सोडत नाही, प्रतिपक्षाला फक्त गुण मिळतो. मरण आले तर त्याचे काय करायचे, याची तीन वेगवेगळी उत्तरे आणि तिन्ही एकाच खेळात.

६/
गामिनी खेळलेल्याला 'नेटहॅक'चे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. गडी एकेक करून रेषेबाहेर जाऊन बसतात. त्यांना ओरडता येते, खुणा करता येतात, आत मात्र येता येत नाही. अखेरीस एकटा उरतो आणि समोर अख्खा संघ. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात महाराष्ट्रात नियमांची बांधणी झाली, तेव्हा संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालण्यात आला. आजही गडी उठतो ही संजीवनीची बाजू, आणि सारा संघ बाद झाला की 'लोण' चढते ही गामिनीची आठवण.

७/
आता राजगड. पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातील पाली गावाकडून येणारी वाट पाली दरवाजाने गडावर जाते. एकामागून एक दोन दरवाजे, रुंद पायऱ्या, दोन्ही अंगांस बुरूज. हा गडाचा राजमार्ग. वर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मध्यभागी उंच उठलेला बालेकिल्ला. सुमारे पाव शतक हे स्वराज्याचे राजकीय केंद्र होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत राजगडही आहे.

८/
हुतूतूतील संजीवनी आणि राजगडाची संजीवनी माची यांच्या नावांत ऐतिहासिक नाते आहे, असा माझा दावा नाही. पण माचीची बांधणी पाहताना तो शब्द मनातून जात नाही. माची तीन टप्प्यांत उतरत जाते. तिला दुहेरी तटबंदी आणि चिलखती बुरूज आहेत : बाहेरचा बुरूज पडला तरी आत दुसरा उभाच. एक टप्पा गेला तर मागचा लढतो. माची गेली तर बालेकिल्ला उरतो. एका चुकीने सारे संपू नये, याची तजवीज येथे दगडात केलेली दिसते.

९/
दगडांची तजवीज करता येते. माणसांची कशी करावी? ५ सप्टेंबर १६५९ रोजी याच राजगडावर महाराणी सईबाईंचे निधन झाले. त्यांचे पुत्र संभाजीराजे तेव्हा अवघे सव्वादोन वर्षांचे होते. दोन महिन्यांतच, १० नोव्हेंबरला, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा प्रसंग उभा राहिला. शोकाला निवांतपणा मिळालाच नाही. पोरक्या बाळाला मात्र आधार होता : आजी जिजाऊ, आणि भोर तालुक्यातील कापूरहोळची धाराऊ, जिने दूध पाजून त्याला वाढवले. गेलेली आई परत आली नाही. तिची जागा भरली नाही, पण तिचे काम दोन स्त्रियांनी वाटून घेतले.

१०/
प्रतापगडच्या लढाईनंतर काय घडले, ते कृष्णाजी अनंत सभासद नोंदवतो. लढाईत जे पडले, त्यांच्या मुलांना चाकरीत घेऊन चालवले. ज्यांना पुत्र नव्हते, त्यांच्या बायकांना निम्मे वेतन सुरू केले. जखमींना जखम पाहून २५ होनांपासून २०० होनांपर्यंत रक्कम दिली. विजयाच्या वर्णनात हा तपशील चटकन नजरेआड होतो. पण माझ्या मते त्या बखरीतील सर्वांत मोलाच्या ओळींपैकी या आहेत. कायमच्या मरणाला राज्याने दिलेले हे उत्तर आहे : शिपाई उठवता येत नाही, पण त्याची चूल विझू नये हे पाहता येते.

११/
दुसरे उत्तर व्यवस्थेचे. गडावर एकच सर्वाधिकारी नसे. हवालदार, सबनीस, सरनोबत आणि कारखानीस यांच्यात कारभार वाटलेला असे. फौजेत नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी चढती रांग. याचा मुख्य हेतू फितुरीला आळा घालणे हा होता खरा. परंतु त्याचा आणखी एक परिणाम होता. माणूस पडला तरी जागा शिल्लक राहते आणि त्या जागेवर कोणी उभे राहायचे, हे पुष्कळदा आधीच ठरलेले असते. गामिनीत शेवटचा गडी एकटा पडतो. या रचनेत तो तसा पडू नये, अशी योजना होती.

१२/
४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. नायक पडला की फौज पळते, हा त्या काळच्या लढायांतला नित्याचा अनुभव. त्या रात्री मात्र तानाजींचे बंधू सूर्याजी यांनी लोकांना सावरले आणि गड घेतला. त्यानंतर वीसच दिवसांनी, २४ फेब्रुवारीस, राजगडावर राजाराम महाराजांचा जन्म झाला. एका महिन्यात एवढे मोठे जाणे आणि एवढे मोठे येणे, दोन्ही या डोंगररांगांनी पाहिले.

१३/
प्रत्येक मरणातून शहाणपणच निघते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. बहलोलखानाला सोडून दिल्याबद्दल महाराजांचा बोल लागला आणि सरनोबत प्रतापराव गुजर फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीजवळ मोजक्या स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले. सारे कामी आले. खेळाडूंनाही ही मनःस्थिती परिचित असते : झालेली चूक एका धडाक्यात धुऊन काढण्याची घाई. त्या शौर्यापुढे मान लवते, पण राज्याने एक उत्तम सेनानी गमावला हेही खरे. महाराजांनी हंबीरराव मोहिते यांना सेनापती केले. आणि पुढे प्रतापरावांची कन्या जानकीबाई राजारामांची पत्नी होऊन भोसल्यांच्या घरात आली.

१४/
मग वेळ आली खुद्द राज्याच्या मरणाची. मार्च १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला; येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज त्याआधीच निसटून दूर दक्षिणेत जिंजीला पोहोचत होते. १७०० मध्ये तेही सिंहगडावर वारले. महाराणी ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. १७०४ मध्ये औरंगजेबाने राजगड जिंकला. १७०७ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी मराठ्यांनी गड परत घेतला. कोणत्याही हिशेबाने डाव संपला होता. गडी मात्र रेषेबाहेरून येतच राहिले.

१५/
आता 'हाडे' आठवा. सभासदाची बखर लिहिली गेली ती १६९७ च्या सुमारास, जिंजीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. शिवाजी महाराजांना जाऊन सतरा वर्षे झाली होती, राजधानी गेली होती, आणि जिंजीला मोगलांचा वेढा होता. अशा वेळी मुलगा विचारतो : वडिलांनी हे सारे कसे उभे केले, ते लिहून द्या. गड किती होते, फौज कशी बांधली होती, पडलेल्यांच्या घरी काय दिले. पुढच्याच्या हाती लागावीत म्हणून ठेवलेली ती पूर्वजाची शस्त्रे होती.

१६/
तीच गोष्ट रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्राची, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष. अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात, असे ते बजावते. पाली दरवाजा, गुंजवणे दरवाजा, आळू दरवाजा आणि चोरदिंड्या असलेला राजगड पाहिला की या सूचनेमागचा अनुभव कळतो. अशा एकेका नियमामागे कोठेतरी वेढ्यात अडकलेली माणसे असतात; त्यांची नावे आपल्यापर्यंत येत नाहीत, त्यांनी मोजलेल्या किमतीतून निघालेला नियम येतो.

१७/
आणि ज्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत, त्यांचे? महाराष्ट्रातील अनेक गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा वीराला नेत आहेत, त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. बहुतेकांवर एक अक्षरही नाही. 'रोग'च्या पडद्यावरील थडग्यावर निदान मृत्यूचे कारण असते. येथे केवळ एवढेच : कोणी लढला, पडला, आणि गावाने त्याचा दगड उभा केला.

१८/
खेळ आणि इतिहास यांत एक अंतर आहे आणि ते पुसून चालणार नाही. खेळात मरणाचे दुःख फक्त आपल्याला होते. पात्राला होत नाही. इतिहासात मरणारा खरा असतो आणि त्याच्या घरी कोणी वाट पाहत असते. म्हणून शिवकाळाला 'डाव' म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. तरीही खेळ एक गोष्ट सुरक्षितपणे शिकवतो : मागे जाता येत नाही, हे मान्य करणे. ज्याला परतीची खात्री असते, तो पाऊल टाकण्यापूर्वी विचार करत नाही.

१९/
तर डाव गमावलेल्या मित्रा, राजगडाची शिकवण थोडक्यात अशी. एक, मेलेल्याला उठवण्यात शक्ती घालवू नकोस. त्याच्यामागे काय उरले ते सावर. दोन, रागाच्या भरात लगेच पुढचा डाव मांडू नकोस. तीन, एकाच तटावर सारे विसंबून ठेवू नकोस. चार, जे कळले ते लिहून ठेव; तुझ्यासाठी नसेल, तर पुढच्यासाठी. आपल्या तीन शब्दांत सांगायचे तर गामिनी मान्य करावी, संजीवनीची तजवीज ठेवावी, आणि अमर व्हायचे ते काम व्हावे, गडी नव्हे.

२०/
पुढल्या वेळी राजगडास जाल, तेव्हा पालीच्या वाटेने चढा. पायथ्याच्या पाल खुर्द गावी सईबाईंची समाधी आहे; तेथे क्षणभर थांबा. मग दरवाजातून वर जाऊन संजीवनी माचीच्या दुहेरी तटातून चाला. बाहेरच्या तटाचे चिरे पुष्कळ ठिकाणी ढासळले आहेत. आतला तट अजून उभा आहे.

(धागा समाप्त. गामिनी खेळलेली वडीलधारी माणसे आपल्या घरी असतील, तर त्यांच्याकडून तिचे नियम विचारून खाली जरूर लिहा. तीही हाडेच आहेत.)