घट्ट म्हणजे स्थिर नव्हे : दातांच्या छोट्या स्क्रूचे पहिले काही आठवडे

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञानाचा मास्तर दातांच्या स्क्रूबद्दल काय बोलणार? पण ‘स्थिर’ म्हणजे काय हा प्रश्न फार जुना आहे आणि तो तत्त्वज्ञानाचाच आहे. दंतवैद्यांना तो हाडात भेटला, एवढंच. त्यांनी तो कसा सोडवत नेला, तो इतिहास आज बघू.

वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करतात, हे आता शहापूर-मुरबाडकडेही नवीन राहिलेलं नाही. पण दात ओढायचा तर ओढणाऱ्याला पाय रोवायला जागा लागते. विहिरीतून घागर ओढणारा माणूस काठावर पाय घट्ट रोवतो, तसंच. पुढचे दात मागे घ्यायचे म्हणून मागच्या दाढांना तार बांधली, तर दाढाही पुढे सरकतात. न्यूटनने १६८७ साली सांगितलं तेच हे : जेवढा जोर, तेवढाच उलटा जोर. म्हणून डोक्याला, मानेला पट्टे बांधून बाहेरून आधार घ्यायची पद्धत आली. मुलं ते पट्टे घालायला कंटाळायची, आणि उपचार रखडायचा.

मग विचार आला, आधार थेट हाडातच का घेऊ नये? १९४५ साली अमेरिकेत गेन्सफोर्थ आणि हिगली या दोघांनी कुत्र्यांच्या जबड्यात व्हायटॅलियमचे स्क्रू बसवले. व्हायटॅलियम म्हणजे कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू. स्क्रूला ताण दिला. थोडे दात हललेही. पण १६ ते ३१ दिवसांत स्क्रू सुटून आले. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याकडे परत यायचं आहे. या अपयशानंतर ही कल्पना बरीच वर्षं मागे पडली.

दुसरा धागा स्वीडनमधला. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५०च्या दशकात सशांच्या हाडातला रक्तप्रवाह तपासत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमचं एक उपकरण हाडात बसवलं होतं. काम झाल्यावर ते काढायला गेले, तर निघेना. हाडाने धातूला धरलं होतं! शरीर परका धातू बाहेर टाकणारच, असं तेव्हा बहुतेकांना वाटे. इथे उलटंच घडलं. १९६५ साली गोस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे रोपण झालं. हाड आणि धातू यांच्या या जुळणीला ‘ऑसिओइंटिग्रेशन’ म्हणतात. १९८२च्या टोरांटोच्या परिषदेनंतर जगभर तिला मान्यता मिळाली. ब्रोनेमार्क यांचा नियम मात्र कडक होता : रोपण झालं की खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात त्याहून जास्त थांबायचं. तोवर त्यावर भार द्यायचा नाही.

म्हणजे एकीकडे लगेच जोर दिला आणि स्क्रू सुटले. दुसरीकडे महिनोन्‌महिने थांबले आणि स्क्रू टिकले. निष्कर्ष सोपा वाटतो : थांबा. पण इतिहास इतका सरळ चालत नाही. १९८३ साली क्रीकमोर आणि एकलंड यांनी एका रुग्णाच्या नाकाखालच्या हाडात स्क्रू बसवला, दहाच दिवसांनी हलका ताण दिला, आणि वरचे पुढचे दात वर सरकवून दाखवले. स्क्रू टिकला. १९९७ साली जपानच्या कानोमी यांनी १.२ मिलिमीटर जाडीचा आणि ६ मिलिमीटर लांबीचा छोटा स्क्रू मांडला. पुढच्याच वर्षी इटली-डेन्मार्कच्या मंडळींनी लगेच ताण देता येईल असे स्क्रू पुढे आणले. काम झालं की हा स्क्रू काढून टाकायचा असतो, त्यामुळे हाडाने त्याला पूर्ण वेढण्याची गरजच नसते.

आता मुख्य गोष्ट. स्क्रू बसवल्या दिवशी तो घट्ट असतो. कशामुळे? आटे हाडात रुतलेले असतात म्हणून. ही निव्वळ यांत्रिक पकड, प्राथमिक स्थैर्य. पण स्क्रू बसवताना भोवतीचं हाड थोडं चेपतं, त्याला बारीक तडे जातात. दुखावलेलं हाड शरीर तसंच ठेवत नाही. आधी काही पेशी येऊन ते खरवडून नेतात, मग दुसऱ्या पेशी नवं हाड घालतात. नव्या हाडाची पकड म्हणजे दुय्यम स्थैर्य. जुनी पकड कमी होत असते, नवी अजून पुरती आलेली नसते. या दोहोंच्या मधे एक खड्डा पडतो, साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास. म्हणजे स्क्रू पहिल्या दिवशी जेवढा पक्का असतो, तेवढा तिसऱ्या आठवड्यात नसतो!

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. भाताची लावणी झाली की रोप चिखलात उभं असतं. त्याला धरतो तो चिखल, मूळ नव्हे. काही दिवस ते पिवळं पडतं, मलूल होतं. त्या दिवसांत जोराचं पाणी आलं तर रोप तरंगतं. नंतर पांढरी मुळं फुटतात आणि रोप जमीन धरतं. फरक एवढाच की स्क्रूला मुळं फुटत नाहीत. इथे जमीनच स्क्रूकडे चालत येते.

आता ते १६ ते ३१ दिवस आठवा. ते याच खड्ड्याच्या काळात पडतात. म्हणून तेवढ्याच कारणाने ते स्क्रू सुटले, असं मात्र म्हणू नये. त्यात धातू, जंतुसंसर्ग, जोराचं प्रमाण असं बरंच काही असू शकतं. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. तर्कशास्त्राचा हा पहिला धडा आहे.

मग कुणी म्हणेल, पहिल्याच दिवशी जास्त आवळून टाका. तेही चालत नाही. २००६ साली मोतोयोशी आणि सहकाऱ्यांनी बसवतानाचा पीळ ५ ते १० न्यूटन-सेंटिमीटर असावा असं सुचवलं. फार आवळलं तर हाड जास्त चेपतं, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते मरतं. आज जितकी बळजबरी, उद्या तितकीच झीज. फार बारीक स्क्रूही चालत नाही : २००३ साली मियावाकी यांच्या अभ्यासात १ मिलिमीटर जाडीचे स्क्रू टिकले नाहीत. स्क्रूभोवतीच्या हिरडीची सूज हेही सुटण्याशी निगडित असल्याचं त्याच अभ्यासात दिसलं.

२००४ साली तैवानच्या लिऊ यांनी आणखी एक गंमत दाखवली. काही रुग्णांचे स्क्रू सुटले नव्हते, पण जोराच्या दिशेने किंचित सरकले होते. म्हणजे स्थिर असणं आणि अचल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे बौद्ध आणि नैयायिक यांचा यावर मोठा वाद झाला. बौद्ध म्हणत, दिव्याची ज्योत तीच दिसते, पण ती क्षणाक्षणाला नवी असते. नैयायिक म्हणत, वस्तू टिकते म्हणूनच आपण तिला ओळखतो. या स्क्रूपाशी दोघांचंही थोडं खरं ठरतं. स्क्रू तोच राहतो, त्याला धरणारं हाड मात्र नवं होत जातं. स्थैर्य हा वस्तूच्या अंगचा गुण नाही. ते एक नातं आहे, आणि नातं रोज जपावं लागतं.

हे सगळं आज सांगण्याचं कारण काय? आसनगावहून लोकल पकडून मुंबईच्या सरकारी दंत महाविद्यालयात जाणारी मुलगी, किंवा मुरबाडहून एसटीने कल्याण गाठणारा मुलगा, स्क्रू बसवून येतो. दुखत नाही, हलत नाही. आईवडिलांना वाटतं, झालं काम. दोन-तीन आठवड्यांनी परत बोलावलेलं असतं, पण नेमकी लावणी चालू असते, रोज बुडतो, भाडं लागतं. ‘चांगला घट्ट आहे की, कशाला जायचं?’ म्हणून ती फेरी चुकते. आणि जपायचे दिवस तर तेच असतात! २०१२च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात सुटणाऱ्या स्क्रूचं प्रमाण सुमारे १३.५ टक्के निघालं. म्हणजे दर सात-आठ स्क्रूंमागे एक. तो सुटला तर दोष मुलाच्या नशिबाला किंवा हट्टीपणाला देऊ नका. डॉक्टर दुसऱ्या जागी नवा बसवू शकतात.

तेव्हा, पालकांनो, पहिला महिना सांभाळा. मऊ ब्रशने जागा स्वच्छ ठेवायची. जिभेने किंवा काडीने स्क्रू चाळवायचा नाही. हिरडी सुजली किंवा स्क्रू हलतोय असं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं. आणि डॉक्टरांना माझं सांगणं असं, की लांबून येणाऱ्याला ती फेरी का महत्त्वाची आहे ते दोन वाक्यांत समजावून सांगा. नुसती तारीख सांगितली तर माणूस विसरतो. कारण कळलं, की तो लावणी सोडूनसुद्धा येतो.

आता प्रश्न असतील तर विचारा.