गाडी कोणती घेऊ? नंबर लावण्यापासून हप्त्यापर्यंत

परवा भाचा घरी आला. गोंदियाला एका दुकानात कामाला लागून महिना झाला त्याला. बसल्या बसल्या मोबाईल समोर धरला, तीन गाड्यांचे फोटो. "मामाजी, यातली कोणती घेऊ? रोज जाणं-येणं हाय, बजेट कमी हाय."

मी म्हटलं, बापा, हा प्रश्नच आपल्या घरात नवा आहे. माझ्या वडिलांना कोणी 'कोणती' असं विचारलंच नाही. त्यांच्या वेळचा प्रश्न एकच होता, नंबर कधी लागते?

तरुण पोरांना हे खोटं वाटेल म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजचा कारखाना इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत होता. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. लोकांना स्कूटर हवी होती, कारखान्याला बनवता येत होती, पण वर्षाला किती बनवायच्या हे दिल्ली ठरवायची. लायसन्समध्ये जेवढा आकडा तेवढ्याच गाड्या. त्यामुळे पैसे भरून वर्षानुवर्षं थांबायचं. काही ठिकाणी तर दहा-दहा वर्षं. ज्याचा नंबर लागला तो कधी कधी गाडी घरी न आणता तिथेच वरकमाई घेऊन दुसऱ्याला देऊन टाकायचा. परदेशातून डॉलर पाठवणारा कोणी नातेवाईक असला की गाडी लवकर मिळायची. आमच्या तिरोड्यात असा नातेवाईक कोणाकडे असणार! पुढे १९७५ मध्ये सरकारी महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स कंपनी निघाली, साताऱ्यात 'प्रिया' बनू लागली. तरी रांग काही संपली नाही. आमच्या वडिलांनी नागपूरला पैसे भरले तेव्हा मी पाळण्यात होतो, आणि गाडी दारात आली तेव्हा मी शाळेत जात होतो.

त्या काळात गरिबाची गाडी म्हणजे लूना. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणली. ५० सीसीचं इंजिन, आणि पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी या! गुरुजी, पोस्टमन, बँकेतला कारकून, सगळे लूनावर. धानाचे व्यापारी आणि दूधवाले राजदूतवर. ती फरिदाबादची, मूळ डिझाईन पोलंडचं, १७५ सीसी, आणि आवाज असा की मुंडीकोट्याहून निघाली की तिरोड्यात कळावं. (थोडं वाढवून सांगतो, पण थोडंच.)

खरा बदल १९८५ ला झाला. सरकारने जपानी कंपन्यांशी भागीदारीची दारं उघडली होती, त्यातून १०० सीसीच्या गाड्या आल्या. सुझुकी, यामाहा, कावासाकी, सगळ्या दोन-स्ट्रोक, पळायला तेज. हिरो होंडाची सीडी १०० मात्र चार-स्ट्रोक होती. इंजिन ९७.२ सीसी. पळण्यात मागे, पण पेट्रोलात ऑईल मिसळायचं काम नाही, धूर नाही आणि एका लिटरमध्ये दोन-स्ट्रोकपेक्षा कितीतरी लांब जाणार. १९७३ आणि १९७९ या दोन वेळी तेलाचे भाव जगभर भडकले होते. ते ज्याला आठवत होतं, त्याला ह्या गाडीचा अर्थ लगेच कळला.

आपल्या भागात आणखी एक कारण होतं, ते जाहिरातीत कधी आलं नाही. चाक. स्कूटरचं चाक लहान, खड्ड्यात गेलं की हातापायाला झटका. इंजिन उजव्या बाजूला, त्यामुळे तोल एका अंगाला. मोटारसायकलचं चाक मोठं, पावसाळ्यात वडेगावकडच्या चिखलातूनही निघते, मागे तांदळाचं पोतं बांधता येते. शहरवाल्यांनी मायलेज पाहिलं, आम्ही चाक पाहिलं. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, इंजिन जवळपास तेच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी देशात मोटारसायकली स्कूटरपेक्षा जास्त विकू लागल्या. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर तिरोड्याच्या स्टेशनबाहेर लाईनीने ह्याच गाड्या उभ्या दिसायच्या.

मग अदानीचा वीज प्रकल्प आला. ६६० मेगावॅटचे पाच संच, २०१२ ते २०१४ मध्ये सुरू झाले. पाळीचं काम आलं आणि गाडी शौक राहिली नाही. रात्री पाळी सुटल्यावर गावाकडे जायला स्वतःची गाडीच लागते. गाडी नसेल तर काम नाही, असं झालं.

आणि नेमकं ह्याच काळात स्वस्त गाडी महाग होत गेली. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरायचा. एप्रिल २०१९ पासून ब्रेकचे नियम. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे कार्बुरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. तिन्ही गोष्टी चांगल्याच, मी विरोधात नाही. पण बोजा सगळ्यात जास्त कोणावर पडला? ज्याची गाडी सगळ्यात स्वस्त होती त्याच्यावर. जीएसटी मात्र २८ टक्केच होता, तो १८ वर यायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडला. साठ हजारांच्या मूळ किमतीवर सहा हजार वाचतात. दुकानात नोकरी करणाऱ्या पोरासाठी ही लहान रक्कम नाही.

भाच्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. तिरोडा-गोंदिया जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,५६० किलोमीटर. लिटरला ६० देणारी गाडी २६ लिटर पेट्रोल पिणार, ४५ देणारी जवळपास ३५ लिटर. लिटरचा भाव १०५ धरला तर महिन्याला नऊशेच्या वर फरक. दिसायला झ्याक गाडी घेतली तर हप्ता वेगळाच, वरून हे नऊशे.

पोरगं हुशार आहे. म्हणते, "मग १०० सीसीच घेतो. पण मामाजी, हिचे ब्रेक?"

इथे मी अडकलो. २०१९ च्या नियमात १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस, आणि त्याखालच्या गाडीला फक्त दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस पुरेशी धरली. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्याचं चाक ओल्या रस्त्यावर घसरलं तरी चालते, असंच ना? रात्री दिवे नसलेले धानाचे ट्रॅक्टर आणि रस्त्यात बसलेली जनावरं गाडीचे सीसी विचारत नाहीत. एबीएस सगळ्याच गाड्यांना हवं आणि त्याचा खर्च टॅक्समधून कापावा, असं माझं मत. तुमचं वेगळं असेल तर खाली लिहा.

भाचा सध्या गाडीनेच जातो, म्हणजे रेल्वेने. धानाचे चुकारे आले की मोटारसायकल घेऊ म्हणते. त्याच्या आईला मी सांगून ठेवलं आहे, हेल्मेटचे पैसे आताच बाजूला काढून ठेव, शोरूममध्ये गेल्यावर ते उरत नाहीत.