सविनय म्हणजे काय? : १९३० सालच्या तीन ठिकाणांची तवारीख

मराठीत ज्याला आपण 'सविनय कायदेभंग' म्हणतो त्याला उर्दूत 'सिव्हिल नाफरमानी' म्हणतात. उर्दू माध्यमाच्या वर्गात हा धडा शिकवताना आम्हाला एक अडचण येते. आईबापाचे न ऐकणाऱ्या मुलाला आपल्या घरात नाफरमान म्हणतात. मग जी गोष्ट पुस्तकात अभिमानाने सांगितली आहे तिला हा बदनाम शब्द कसा, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर 'सविनय' या शब्दात आहे, आणि मोर्चे, बंद, घोषणा यांच्या गर्दीत नेमका तोच शब्द हरवतो. कायदा कोणीही मोडू शकतो. तो उघडपणे मोडून, हात न उगारता, शिक्षा अंगावर घेणे ही वेगळी बाब आहे. हे किती कठीण आहे ते १९३०च्या एप्रिल-मे महिन्यांत तीन ठिकाणी घडलेल्या घटनांवरून दिसते. तिन्ही ठिकाणी आपली माणसे होती, पण केवळ तेवढ्यासाठी आम्ही ती सांगत नाही.

पहिले ठिकाण पेशावर. ही हकिकत सुरू होते ती शाळेपासून. खान अब्दुल गफ्फार खान यांनी १९१०मध्ये आपल्या उतमानझई गावी मदरसा काढला. इंग्रज सरकारला बंदुकवाल्या पठाणाची सवय होती, पण शिकलेला पठाण त्याला नको होता. १९२१मध्ये बादशाह खान तुरुंगात गेले त्यामागे या शाळांचेच काम होते. पठाणांत सूडाला 'बदल' म्हणतात आणि एकेक वैर पिढ्यानपिढ्या चालते. अशा लोकांमधून त्यांनी १९२९मध्ये 'खुदाई खिदमतगार' ही संघटना उभी केली. सूड घेणार नाही, जुलूम करणाऱ्याला माफ करीन, रोज काही वेळ समाजाची सेवा करीन, अशी तिची शपथ होती. सब्र आणि सचोटी ही पैगंबरांची हत्यारे आहेत आणि कोणतीही फौज ती हिरावून घेऊ शकत नाही, असे बादशाह खान सांगत.

२३ एप्रिल १९३० रोजी त्यांना अटक झाली. त्याच दिवशी पेशावरात पुढाऱ्यांच्या अटकेमुळे किस्सा ख्वानी बाजारात लोक जमले. गर्दीत चिलखती गाड्या घुसल्या. लोक चिरडले गेले, एक गाडी पेटली, एक गोरा शिपाई मारला गेला. इथे सब्राला तडा गेला हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यानंतर गोळीबार सुरू झाला तेव्हा निःशस्त्र माणसे जागेवर उभी राहिली. पुढची रांग पडली की मागची पुढे येई. मृतांचा आकडा सरकारने तीसच्या आसपास सांगितला, काँग्रेसच्या चौकशी समितीला तो कितीतरी अधिक आढळला. गढवाल रायफल्सच्या जवानांना गोळी चालवण्याचा हुकूम झाला तेव्हा चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी तो मानला नाही. शिपाई हिंदू होते, समोरची गर्दी बहुतांशी मुसलमान होती. या जवानांवर लष्करी खटला चालला. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली आणि ते सुटले १९४१मध्ये. सरकारला धक्का बसला तो इथे. बंदुकीला बंदुकीने उत्तर मिळाले असते तर सरकारला काय करायचे ते ठाऊक होते.

दुसरे ठिकाण आपले सोलापूर. गिरण्यांचे, मागांचे, कष्टकऱ्यांचे शहर. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि ही खबर येताच शहरात हरताळ पडला, गिरण्या थांबल्या. ८ मे रोजी दारूबंदीच्या मोहिमेत लोक शिंदीची झाडे तोडायला गेले. पोलिसांनी काहींना पकडले, त्यांच्या सुटकेसाठी जमाव जमला आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात शहीद झाला. संतापलेल्या जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली, पोलीस मारले गेले, न्यायालयाला आग लागली. पुढचे काही दिवस शहरात सरकार असे उरलेच नाही. काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यांवरची व्यवस्था सांभाळली. सोलापूरकर आजही त्या दिवसांबद्दल अभिमानाने बोलतात, आणि तो अभिमान खोटा नाही.

पण १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि जूनअखेरपर्यंत तो राहिला. राष्ट्रीय झेंडा हाती धरणे, गांधी टोपी घालणे हेसुद्धा गुन्हे ठरले. पोलिसांच्या खुनाचा आरोप चौघांवर ठेवण्यात आला : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचे पत्र चालवत आणि गिरणी कामगारांत काम करत. पुढारीपण करणाऱ्यांना वेचून अडकवले, अशीच शहराची भावना होती. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली गेली. चौकी कोणाच्या हाताने पेटली याचा निवाडा आज आम्ही करू शकत नाही. मात्र त्या आगीने सरकारला हवे असलेले निमित्त मिळाले, एवढे उघड आहे.

तिसरे ठिकाण गुजरातच्या किनाऱ्यावरचे धारासना. गांधीजींच्या अटकेनंतर तिथल्या मिठाच्या सत्याग्रहाची धुरा अब्बास तय्यबजी यांच्याकडे आली. बडोदा संस्थानचे माजी न्यायाधीश, वय शहात्तर. सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला त्याच १२ मे रोजी त्यांना अटक झाली. मग सरोजिनी नायडू पुढे आल्या आणि २१ मे रोजी त्यांच्याबरोबर इमाम साहेब अब्दुल कादर बावझीर होते. त्या दिवशी सुमारे अडीच हजार स्वयंसेवक ओळीओळीने मिठागराकडे निघाले. पोलादी टोकांच्या लाठ्या डोक्यावर बसत होत्या, पण वार चुकवायला कोणी हातसुद्धा वर केला नाही. वेब मिलर या अमेरिकन पत्रकाराने एकाच ठिकाणी तीनशे वीस जखमी मोजले. त्याची बातमी जगभर छापली गेली. मिठाचा एक कणही हाती लागला नाही, आणि तरी हरले ते सरकारच.

आता परिणाम पाहू. ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला. सत्याग्रही कैदी सुटले, किनाऱ्यावरच्या लोकांना घरापुरते मीठ करण्याची मुभा मिळाली. हिंसेच्या आरोपाखालचे कैदी मात्र वगळले गेले आणि हुकूम मोडणारे शिपाईही. सोलापूरचे चौघे तर दोन महिन्यांपूर्वीच फासावर गेले होते. सरहद्द प्रांताला १९३२मध्ये गव्हर्नरचा प्रांत म्हणून दर्जा आणि कायदेमंडळ मिळाले, आणि १९३७मध्ये बादशाह खान यांचे थोरले बंधू डॉ. खान साहेब तिथे मुख्य मंत्री झाले. ज्यांना सरकार केवळ टोळीवाले समजत होते त्यांना सात वर्षांत राज्यकारभारात जागा मिळाली. स्वतः बादशाह खान प्रांतात येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर बंदी होती. ते वर्ध्याला गांधीजींजवळ राहिले. मुंबईतल्या एका भाषणाबद्दल डिसेंबर १९३४मध्ये तिथेच त्यांना पकडले आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. फाळणीनंतर पाकिस्तानच्या सरकारनेही त्यांना वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवले. राज्य करणारा परका असो वा स्वधर्मीय, त्यांची पद्धत बदलली नाही. १९८८मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

वाचकहो, कुर्बान हुसेन यांचे नाव आपण सभांमधून अभिमानाने घेतो. कोणी आपल्या देशप्रेमावर शंका घेतली की त्यांची कुर्बानी आपण दाखल्यासारखी पुढे करतो. ही गरज आम्हाला समजते, पण तिच्यामुळे एक नुकसान होते. शहिदाचे नाव दाखला बनले की त्याच्यापासून शिकणे थांबते. आमच्यापुढे बसलेल्या मुलांना उद्या अन्यायाचा सामना करावाच लागेल : कुठे नोकरीत, कुठे रस्त्यावर, कुठे आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच माणसांकडून. तेव्हा त्यांना राग येईल, आणि राग यायलाच हवा. त्या रागाचे करायचे काय, हे त्यांना कोणी शिकवले आहे का?

पेशावर एका दिवसात घडले नाही. त्यामागे वीस वर्षांची शाळा होती. धारासनाच्या ओळींना तयारी होती, शपथ होती, पुढारी पकडला गेला तर पुढे कोण हे आधीच ठरले होते. सोलापुरात हिंमत कोणापेक्षाही कमी नव्हती, पण त्या एका दुपारी तिला सावरणारी शिस्त अपुरी पडली आणि चार घरांनी त्याची किंमत मोजली. येत्या १२ जानेवारीला शाळेत चार हुतात्म्यांना खिराज-ए-अकीदत पेश कराल तेव्हा नावांबरोबर ही पूर्ण हकिकतही मुलांना सांगा. चौकीच्या आगीसह सांगा. मग 'सविनय' या शब्दाचा अर्थ त्यांना वेगळा सांगावा लागणार नाही.